पन्नास, पंचाहत्तर की नव्वद

चष्मेवाल्याचा अर्धा जन्म एकच प्रश्न विचारण्यात गेला होता. समोर गिऱ्हाईक बसलेलं, त्याच्या नाकावर चाचणीची जड गोल चौकट, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि हा एक काच काढतोय, दुसरी सरकवतोय. "पहिलं बरं की दुसरं? आता बघा. पहिलं… की दुसरं?" तिसऱ्या फेरीपर्यंत माणसं ठीक असतात. चौथ्या फेरीला घोळ सुरू होतो. कोणी म्हणतं पहिलं, मग म्हणतं थांबा थांबा, दुसरं, मग म्हणतं ते आधीचं पुन्हा दाखवा. काही जण तर नापास व्हायच्या भीतीने घामाघूम होतात. अशांना चष्मेवाला मनातल्या मनात हसायचा. त्याच्याजवळ एक पक्का नियम होता, ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली तो हे काम शिकला त्याने दिलेला. गिऱ्हाइकाला दोन्ही काचा सारख्याच वाटत असतील तर कमी नंबराची द्यायची आणि मोकळं व्हायचं. डोळ्याला लागतं तेवढंच द्यावं, जास्त दिलं की डोकं दुखतं.

दुसऱ्याला हसायला काय जातं? त्या आठवड्यात याची स्वतःची पाळी आली.

शनिवारी दुपारी त्याची थोरली बहीण दुकानात आली. ताई तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होती. कापडाचे पन्नास-साठ थर एकावर एक रचायचे, वर खडूने रेघ मारायची आणि त्या रेघेवरून कापायचं यंत्र फिरवायचं. रेघ चुकली तर साठ शर्टांची एकदम पायपुसणी. तीस वर्षं हे केलेल्या बाईला "बघू", "ठरवू", "विचार करते" असली वाक्यं येतच नाहीत. ती सरळ गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली.

"बारक्या, शुक्रवारी माझं ऑपरेशन आहे."

बारक्या म्हणजे आपला चष्मेवाला. वय चोपन्न, पोट काउंटरपाशी त्याच्या आधी पोहोचतं, पण ताईच्या लेखी अजून बारक्याच.

"कसलं ऑपरेशन? दात दुखतोय म्हणत होतीस ना?"

"मलाही दातच वाटला. डाव्या जबड्यात गाठ आहे. हाडासकट काढणार. मग पायाचं हाड काढून तिथे बसवणार. म्हणजे यापुढे मी तोंड उघडलं की समोरच्याला लाथच बसणार."

ती स्वतःच हसली. चष्मेवाल्याला काही हसू आलं नाही. त्याने हातातली काच पुसली, मग पुसलेलीच परत पुसली.

"आणि चेहरा?"

"तेच सांगायला आलेय. चेहरा आहे तसा राहणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. किती बदलेल ते त्यांनाही आत्ता माहीत नाही. मला माझा एक फोटो हवाय. आहे या तोंडाचा. काल सगळे आल्बम काढून बसले होते. एकाही फोटोत मी धड नाही रे."

हे खरं होतं, आणि त्याला कारण तोच होता. वडिलांनी आपला कॅमेरा त्याला दिला तेव्हापासून घरातले सगळे फोटो त्यानेच काढलेले. दर वेळी व्हायचं असं, की ताई सगळ्यांना ओळीत उभं करायची, कोणाची कॉलर सरळ करायची, कोणाचे केस, आणि सगळ्यांत शेवटी धावत जाऊन कडेला उभी राहायची. याच्या कॅमेऱ्याला लेन्स एकच, पस्तीस मिलिमीटरची. खोलीभर माणसं मावतात तिच्यात, पण कडेचं माणूस ताणलं जातं. त्यामुळे एका फोटोत ताईचा गाल ओढलेला, दुसऱ्यात कान खांद्याला आलेला, तिसऱ्यात ती अर्धीच. मधले सगळे छान, कारण त्यांच्या कॉलरी सरळ होत्या.

"बुधवारी दुपारी ये," ताई उठत म्हणाली. "गुरुवारी मला भरती व्हायचंय. एकच काढ, पण मी वाटले पाहिजे."

ती गेली. बहिणीला काही झालं तर, हा विचार त्याला झेपेना, म्हणून त्याने झेपेल असा विचार धरला: पस्तीसच्या लेन्सने चेहरा काढता येत नाही. पोर्ट्रेटची लेन्स हवी. कुठली?

सोमवारी सकाळीच तो कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे गेला. जिन्याखालची खोली, टेबलावर हिरवी जाड चादर, तिच्यावर बशीत स्क्रू आणि बशीबाहेरही स्क्रू. दुरुस्तीवाल्याच्या डोळ्यांवरचा चष्मा याच्याच दुकानातला, त्यामुळे दोघांत जुना भरवसा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून तीन लेन्स काढून चादरीवर मांडल्या.

"पन्नास, पंचाहत्तर, नव्वद. तुमच्या कॅमेऱ्याला तिन्ही बसतात. तिन्ही घेऊन जा, काम झालं की आणून द्या."

"पण चेहऱ्याला कुठली चांगली?"

"तिन्ही."

"अहो, असं कसं? एक सांगा."

"साहेब, तुम्ही काचेतले माणूस, तुम्हाला मी काय सांगणार? लोकांना वाटतं लेन्स तोंड बदलते. लेन्स काही करत नाही. जे करतं ते अंतर करतं. जवळून बघितलं की नाक पुढे येतं, कान मागे जातात. लांबून बघितलं की सगळं एका पातळीत, गुळगुळीत. लेन्स फक्त सांगते तुम्ही कुठे उभं राहायचं. नव्वदला तीन पावलं लांब. पन्नासला हातभर जवळ. पंचाहत्तरला त्या दोघांच्या मध्ये."

"मग मी कुठे उभं राहू?"

"ते मला काय माहीत? बहीण तुमची."

चष्मेवाल्याचा कॅमेरा दुरुस्तीवाल्याने हातात घेतला, डोळ्याला लावला आणि दुसऱ्या हाताचा तळवा लेन्सवर ठेवला.

"आणि एक. हा रेंजफाइंडर. बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. आत्ता मी लेन्स झाकलीय, तरी खिडकीतून तुम्ही मला स्वच्छ दिसताय. या लेन्सना झाकणं आहेत. काढायला विसरू नका. भलेभले विसरलेत."

चष्मेवाल्याला जरा राग आला. पस्तीस वर्षं हा कॅमेरा त्याच्या हातात होता. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही, ती अशी की त्याच्या स्वतःच्या लेन्सचं झाकण लग्नाच्या वर्षीच हरवलं होतं. झाकण काढायची सवय त्याच्या हाताला आता राहिलीच नव्हती.

घरी येऊन त्याने बायकोला खिडकीपाशी बसवलं. एकेक झाकण आठवणीने काढून खिशात टाकलं, आणि तिन्ही लेन्सनी तिचे चार-चार फोटो काढले. इथे पहिला गोंधळ झाला. खिडकीत पांढऱ्या रेघांच्या चौकटी दिसतात, जेवढं त्या चौकटीत तेवढं फोटोत. पन्नासची लेन्स लावली की दोन चौकटी दिसायच्या, एक पन्नासची आणि तिच्या आत एक पंचाहत्तरची. पंचाहत्तरची लावली तरी त्याच दोन. नव्वदची चौकट तर मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढी, आणि त्या तिकिटात बायको बसलेली.

"अहो, लवकर करा. दूध उतू जाईल."

"हालू नकोस. तू दोन चौकटींत आहेस."

"मी स्वयंपाकघरात असायला हवी होते."

मंगळवारी दुरुस्तीवाल्याने तो रोल धुऊन तीन फोटो छापून दिले. बायकोने ते टेबलावर ठेवले, चष्मा लावला आणि निकाल दिला. "या पन्नासवाल्यात माझं नाक आधी आलंय आणि मी मागून. नव्वदवाल्यात मी फार छान दिसते, पण ही मी नाही, माझी धाकटी बहीण वाटते. हा मधला आहे ना, ती अगदी मी आहे."

"म्हणजे पंचाहत्तर?"

"छे! मी कशी दिसते ते मला माहीत नाही का? तो नको."

आता काय करावं? चष्मेवाल्याने तिन्ही फोटो दुकानात नेऊन अक्षरांच्या तक्त्याशेजारी टाचले आणि जो येईल त्याला विचारायला सुरुवात केली. पहिलं, दुसरं की तिसरं? पोस्टमन म्हणाला नव्वद. बँकेतल्या बाई म्हणाल्या पन्नास, कारण त्यात डोळ्यांत जीव आहे. एक निवृत्त हेडमास्तर दहा मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, या तिन्ही बायकांत कौटुंबिक साम्य आहे. वाचायचा चष्मा न्यायला आलेला एक माणूस शेवटी कंटाळून म्हणाला, "अहो, माझा नंबर काढा आणि मला जेवायला सोडा." जितकी तोंडं तितकी मतं. संध्याकाळपर्यंत डोक्याचा नुसता भुगा झाला. त्याने स्वतः त्या खुर्चीत बसून फोटोंकडे पाहिलं. पहिलं… की दुसरं? आधी पहिलं बरं वाटलं. मग दुसरं. मग आपण चौथ्या फेरीतलं गिऱ्हाईक झालो आहोत हे त्याला कळलं, आणि तो उगाचच अक्षरांच्या तक्त्यावर खेकसला.

बुधवारी दुपारी तो ताईकडे गेला. सोबत कॅमेरा, तिन्ही लेन्स, छत्तीस फोटोंचा एक नवा रोल. एकच रोल, कारण फोटो एकच काढायचा होता, आणि छत्तीसांत एक नाही आला तर कॅमेरा विकून टाकावा असं त्याचं मत होतं.

ताईने खिडकीजवळ स्टूल ठेवून घेतलं होतं. अंगावर निळं, साधं, नीट इस्त्री केलेलं पातळ. डावा गाल थोडा फुगलेला. तो बघितला आणि चष्मेवाल्याने नव्वदची लेन्स काढली. खरं सांगायचं तर त्याने लेन्स निवडलीच नाही, त्या गालापासून तीन पावलं मागे जाता येत होतं म्हणून नव्वद. झाकण काढलं, खिशात टाकलं, आणि मागे सरकत सरकत तो थेट दरवाजाला टेकला.

"एवढ्या लांब कुठे चाललास?" ताई ओरडली. "जिन्यात जाऊन काढणारेस का?"

"लेन्स तशी आहे. बोलू नकोस, तोंड हलतं."

तिने तोंड मिटलं. पासपोर्टच्या फोटोला बसावं तशी बसली. हनुवटी वर, नजर भिंतीवर. त्याने एक काढला, दुसरा काढला. मान इकडे, मान तिकडे. अकरा झाले. त्या तिकिटाएवढ्या चौकटीत एक ताठ बाई बसली होती आणि ती कोण आहे हे चष्मेवाल्याला कळत नव्हतं.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही. मला वाटतं पंचाहत्तर लावावी. किंवा पन्नास. म्हणजे नव्वदला चेहरा नीट येतो, पण… पन्नासला नाक येतं. पंचाहत्तरला बायको म्हणते अगदी आपण येतो, म्हणून नको. आणि दोन चौकटी दिसतात. मला काही सुधरत नाहीये गं."

ताई उठली. टेबलावरच्या दोन लेन्स तिने दोन हातांत घेतल्या आणि त्याच्या नाकासमोर धरल्या.

"बघ. पहिलं की दुसरं?"

"ताई, चेष्टा नको."

"पहिलं की दुसरं?"

त्याने एकदा या हाताकडे पाहिलं, एकदा त्या. "दोन्ही सारखंच वाटतं."

"असं गिऱ्हाईक आलं तर दुकानात काय करतोस?"

"कमी नंबर देतो."

"मग दे ना! तीस वर्षं लोकांना शहाणपण वाटतोस, स्वतःला द्यायला संपलं काय?" तिने पन्नासची लेन्स त्याच्या हातात कोंबली. "आणि जवळ ये. मी काय चावतेय? शुक्रवारनंतर तर चावताही यायचं नाही."

त्याने लेन्स बदलली आणि दुसरं स्टूल ओढून तिच्यासमोर बसला. गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. कॅमेरा डोळ्याला लावला. खिडकीच्या मधोमध एक छोटा पिवळसर चौकोन असतो, त्यात सगळं दोन-दोन दिसतं: एक ठळक, एक फिकं. लेन्सची कडी फिरवायची, फिकं सरकत सरकत ठळकावर येऊन बसलं की फोटो स्पष्ट येणार. चष्मेवाल्याला दोन ताया दिसल्या. त्याने कडी फिरवली. फिकी ताई हळूहळू ठळक ताईवर आली. डोळ्यावर डोळा. उजव्या भुवईतला तो बिनकेसांचा तुटका पट्टा. तो कशाने झाला होता? याच्याच भोवऱ्याने, तो सहा वर्षांचा असताना. हे तो साफ विसरला होता.

"आता बोलू का?" ताईने विचारलं.

"बोल."

"बाबांनी कॅमेरा तुला दिला ना, तेव्हा मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नव्हते."

"हं? मला वाटलं तुझा घसा बसलाय."

"माहितीये. तू मला काढा आणून दिलास." ती थांबली. "मला हवा होता तो. माझी रेघ सरळ यायची. तुझा हात हलायचा. पण तू मुलगा, म्हणून तुला."

त्याने बटण दाबलं. "मागायचास तर."

"तुझ्याकडे? तू रात्री उशाशी घेऊन झोपायचास. म्हटलं, जाऊ दे. निदान फोटोत तरी उभी राहू. तिथेही मेली कडेलाच."

हे तिने रागाने म्हटलं नव्हतं. हवामानाबद्दल बोलावं तसं म्हटलं होतं. तो बटण दाबत राहिला, रोल पुढे सरकवत राहिला. ती बोलत राहिली: कारखान्यातल्या पहिल्या दिवसाबद्दल, आईच्या शेवटच्या महिन्याबद्दल, भूल देतात तेव्हा माणूस काही बडबडतो का याबद्दल. आणि एकदा, मध्येच, खालच्या आवाजात, "मला भीती वाटते रे, बारक्या." त्या वेळी तिचा सगळा चेहरा त्याच्यासमोर उघडा होता, आणि त्याने इतकी वर्षं तो बघितलाच नव्हता. डोळ्यांचे नंबर काढून काढून लोकांना दृष्टी वाटत बसला, आणि दिव्याखाली अंधार.

चौतीस. पस्तीस. पिवळसर चौकोनात पुन्हा दोन ताया झाल्या. त्याने कडी फिरवली, त्या एक होईनात. मग चार झाल्या. लेन्सवर वाफ धरली असणार असं त्याला वाटलं. डोळे भरून आल्यावरही दोष काचेलाच द्यायचा, नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच. त्याने धंद्याच्या सवयीने खिशातून मऊ रुमाल काढला, कॅमेरा उलटा केला आणि लेन्स पुसायला गेला.

लेन्सवर झाकण होतं.

काळं, गोल, घट्ट बसलेलं. त्याने रुमालाने ते झाकणच एकदा पुसलं, कारण हात तसाच पुढे गेला होता.

"काय झालं?" ताईने विचारलं.

त्याने कॅमेरा तिच्याकडे वळवला. ताईने झाकण पाहिलं. मग त्याचं तोंड पाहिलं. "म्हणजे?"

"चोवीस फोटो. एकही आला नाही. सगळे काळे."

ताईला आधी समजलं नाही, आणि समजल्यावर ती जी हसायला लागली ती थांबेचना. स्टुलावरून घसरली, जबडा दुखला म्हणून दोन्ही हातांनी धरला, आणि "आई गं, नको, नको" म्हणत पुन्हा हसली. चष्मेवाल्याला हसावं की रडावं कळत नव्हतं. त्याने दोन्ही थोडंथोडं केलं. मग त्याने झाकण ओढून काढलं आणि घाईघाईने कॅमेरा डोळ्याला लावला.

"एक शिल्लक आहे! अशीच बस!"

ताईने पंजा मध्ये आडवा धरला.

"थांब. तो राहू दे."

"अगं, राहू दे काय? जवळचे सगळे गेले! नाहीतर मी दुसरा रोल घेऊन येतो, अर्ध्या तासात."

"नको. इतका वेळ मला कोणी इतक्या जवळून बघितलं नव्हतं, आई गेल्यापासून. परत तेच मला जमायचं नाही." तिने डोळे पुसले. "तो शेवटचा नंतर काढ. मी परत आल्यावर. अर्धवट रोल कोणी धुतं का?"

"धुता येतो, पण…"

"धुऊ नकोस. बारक्या, मी आजवर कापड अर्धं कापून टेबलावर सोडलेलं नाही. एक फोटो राहिलाय म्हटल्यावर मला यावंच लागेल."

चष्मेवाल्याने लेन्सला झाकण परत लावलं आणि कॅमेरा बॅगेत ठेवला.

शुक्रवारी ऑपरेशन नऊ तास चाललं. पुढचे दिवस त्याने कसे काढले ते त्यालाच माहीत. कॅमेरा दुकानात चाचणीच्या काचांच्या पेटीशेजारी पडून होता. रोज त्याला वाटायचं, धुऊन टाकावा. तिला काही झालं तर निदान ते अकरा तरी हाती असतील. आणि रोज वाटायचं, धुतला तर आपण ती येणार नाही असं धरून चाललो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नव्वद आणि पंचाहत्तर त्याने परत देऊन टाकल्या. दुरुस्तीवाल्याने "काय ठरलं?" विचारलं, तर म्हणाला, "माहीत नाही. पन्नास राहू द्या माझ्याकडे."

तीन आठवड्यांनी ताईने निरोप पाठवला: कॅमेरा घेऊन ये.

ती हॉस्पिटलच्या पलंगावर उशांना टेकून बसली होती. डावी बाजू सुजलेली, हनुवटी एका अंगाला ओढलेली, कानापासून खाली गळ्यापर्यंत टाक्यांची लांब रेघ. बोलता येत नव्हतं. मांडीवर वही आणि पेन्सिल. तो दारातच थबकला. तिने वहीवर लिहिलं आणि वर धरलं: "शिवण बघ कसली वाकडी. मी असते तर उसवून परत घालायला लावली असती."

तो खुर्ची ओढून जवळ बसला, मागच्यासारखाच, गुडघ्याला पलंग लागेल इतका. कॅमेरा डोळ्याला लावला. त्या छोट्या चौकोनात दोन ताया दिसल्या, त्याने कडी फिरवली, आणि या वेळी त्या पटकन एकीवर एक बसल्या. तुटकी भुवई जागेवर होती. तो बटण दाबणार एवढ्यात ताईने हात वर केला.

तोंड झाकतेय, असं त्याला वाटलं. "नको असेल तर नाही काढत, ताई."

तिचा हात तोंडाकडे गेलाच नाही. तो कॅमेऱ्यापाशी आला, बोटांनी चाचपत लेन्सपर्यंत पोहोचला आणि झाकण काढून घेतलं. ते तिने मुठीत ठेवलं, आणि शाळेत चोरी पकडणाऱ्या बाईंसारखं त्याच्याकडे बघितलं. त्याने बटण दाबलं.

रोल संपला. दुरुस्तीवाल्याने तो धुतला, सहा-सहाच्या पट्ट्या केल्या आणि एकाच मोठ्या कागदावर सगळे छत्तीस छोटे फोटो छापून दिले. छापताना त्याला सगळं कळलं असणार, पण त्याने फक्त चष्मा कपाळावर ढकलला आणि कागद पाकिटात घातला.

ताई तोपर्यंत घरी आली होती. थोडं बोलायला लागली होती, जडजड, तोंडात कापूस धरल्यासारखं. चष्मेवाल्याने कागद तिच्यासमोर ठेवला. वर अकरा ताठ, सुंदर, गुळगुळीत बायका. मग काळे चौकोन, चोवीस. आणि सगळ्यांत शेवटी, उजव्या कोपऱ्यात, एक.

ताई बराच वेळ बघत राहिली. मग तिने एक बोट पहिल्या फोटोवर ठेवलं आणि एक शेवटच्यावर.

"पहिलं की दुसरं?"

"दुसरं," चष्मेवाला म्हणाला.

"घाई नको करू. नीट बघ."

"बघितलं."

"माझं मन राखायला बोलू नकोस. पहिल्यात तोंड सरळ आहे माझं."

"पहिल्यात तू कुठे आहेस? कोणीतरी बाई आहे. दुसऱ्यात तू आहेस."

ताईच्या डाव्या गालाला अजून काही कळत नव्हतं, त्यामुळे डोळ्यातलं पाणी हनुवटीवर पोहोचेपर्यंत तिला पत्ताच लागला नाही. ते तिने बाहीने पुसलं, शिवणयंत्राच्या खणातून कात्री काढली आणि कागद सरळ धरून एका दमात खालची पट्टी कापली. पाच काळे चौकोन आणि शेवटी ती. कात्री कुठेही थांबली नाही.

"हा मोठा करून आण." तिने पट्टी त्याच्या हातात दिली.

"एवढाच कापून द्यायचास. हे काळे कशाला ठेवलेस?"

"असू दे. त्यात तू जवळ बसला होतास."

चष्मेवाल्याने पट्टी न दुमडता खिशात ठेवली. खिशात कसलं तरी गोल, कडक लागलं, नव्वदचं झाकण. ते परत द्यायचं राहूनच गेलं होतं.